पाळकाचे घर आणि पाळकाचे मौन : 'स्मृतिचित्रे'च्या निमित्ताने एक तुलनात्मक विचार

मराठीतील ख्रिस्ती आत्मकथनांची चर्चा बहुधा धर्मांतराभोवती फिरत राहते, आणि तिला तसे सबळ कारणही आहे. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या 'अरुणोदय'ने या प्रकाराचा जो साचा घालून दिला त्याचे नावच पुरेसे बोलके आहे. रात्र संपते, उजाडते आणि कथन थांबते. शंका, वाचन, वादविवाद, घरच्यांचा आकांत आणि अखेर १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा, असा त्या ग्रंथाचा चढता क्रम आहे. उजाडल्यानंतरचा दिवस मात्र या साच्यात मावत नाही. पदमनजी बाप्तिस्म्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे जगले. त्यांनी पाळक म्हणून काम केले, विपुल लेखन केले. पण मंडळीची देखभाल करताना माणूस कसा थकतो, कशाने चिडतो, कोणत्या प्रसंगी आपल्याच पाचारणाविषयी साशंक होतो, याचे कथन त्यांच्याकडून आलेले नाही. या प्रकाराची गतीच बाप्तिस्म्याच्या दिशेने असल्यामुळे पुढचा काळ त्याला उपसंहारासारखा वाटतो.

पाळकीय सेवेच्या रोजच्या ताणाचा प्रामाणिक आलेख मराठीत लिहिला गेलाच नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र घाईचे होईल. तो लिहिला गेला. फक्त तो पाळकाने लिहिला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. हा ग्रंथ मराठी समीक्षेने एका विलक्षण दांपत्याची कथा म्हणून, स्त्रीच्या आत्मचरित्राचा मानदंड म्हणून आणि अनलंकृत बोलीगद्याचा नमुना म्हणून वाचला. चर्चच्या वर्तुळात तो साक्षीचा ग्रंथ ठरला. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट बाजूला पडली. ग्रंथाचा मोठा भाग एका पाळकाच्या घरात घडतो, आणि ते घर त्याच्या सेवेचे केवळ पार्श्वचित्र नाही. सेवेचा भार प्रत्यक्ष जिथे पडतो ती जागा म्हणजे ते घर. 'स्मृतिचित्रे' पाळकीय वाङ्मय म्हणून वाचली, तर हाती काय लागते?

प्रथम या 'पाळक' नावाच्या माणसाची ऐतिहासिक जागा लक्षात घ्यावी लागते. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये अहमदनगर हे त्याचे दुसरे मोठे ठाणे झाले. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. याच सुमारास बोस्टनच्या मंडळाचे चिटणीस रुफस अँडरसन हिंदुस्थानात येऊन गेले. गावोगावी लहान मंडळ्या असाव्यात, त्यांवर देशी पाळक असावेत आणि मंडळीने आपला पाळक आपण पोसावा, हा त्यांचा आग्रह होता. कागदावर ही योजना निर्दोष होती. पण नगर जिल्ह्यातील मंडळ्या मुख्यत्वे महार आणि मांग समाजांतून आल्या होत्या आणि मुलूख अवर्षणाचा होता. १८७६–७७, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांनी ज्यांच्या घरातले दाणे संपवले, त्यांनी पाळकाचा पगार कोठून द्यावा? तो मिशनने दिला. परिणामी पाळक हा एकाच वेळी मंडळीचा मेंढपाळ आणि मिशनचा नोकर झाला. मंडळीच्या दृष्टीने तो मिशनच्या कोठाराची किल्ली बाळगणारा, मिशनच्या दृष्टीने वरिष्ठांना हिशेब देणारा आणि बाहेरच्या हिंदू समाजाच्या दृष्टीने पोटासाठी बाटलेला. टिळकांसारखा चित्पावन ब्राह्मण या जागी येतो तेव्हा गुंतागुंत आणखी वाढते. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानण्याचे संस्कार त्याच्या कुळात होते, त्यांच्याच सुखदुःखाचा तो आता विश्वस्त असतो.

अशा माणसाला आपला ताण सांगायला कोणते वाङ्मयप्रकार उपलब्ध होते? मिशनचा वार्षिक अहवाल हा एक. त्याला आकडे हवे असत : बाप्तिस्मे किती, शाळा किती, मंडळीने वर्गणी किती दिली. संकट त्यात येई, पण निवारण झालेले किंवा मदतीला पात्र असे. १८४२ पासून चालू असलेल्या 'ज्ञानोदय'चे स्वरूप प्रबोधनाचे आणि वादाचे. टिळकांनी १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादन केले, पण वृत्तपत्राच्या स्तंभात पाळकाने आपल्या घरातील चूल विझल्याचे सांगावे, ही अपेक्षाच गैर होती. प्रवचन दुसऱ्यांसाठी असते. उरला अभंग. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, हे त्यांचे स्वतःचेच म्हणणे प्रसिद्ध आहे. 'अभंगांजली'तील टिळक आर्त आहेत, उत्कट आहेत. क्वचित स्वतःवर कठोरही होतात. परंतु अभंगातील 'मी' कोणत्याही भक्ताचा 'मी' असतो, आणि तीच त्याची शक्ती आहे. नगरच्या एका विशिष्ट सकाळी एका विशिष्ट माणसाशी झालेली कटकट अभंगात शिरताना तिचे नाव, गाव आणि देणेघेणे दाराबाहेर ठेवते आणि शरणागतीचा उद्गार होऊन बाहेर पडते. रोजचा ताण तेथे लपवला जात नाही; तो विरघळतो. तुकोबांच्या अभंगांत संसाराची कुरबुर येते, पत्नीचे बोल येतात. पण ते येतात तुकोबांच्या मुखातून. आवलीची बाजू आवलीने मांडलेली मराठीला ठाऊक नाही. शिऊरच्या बहिणाबाईंनी आपली कथा अभंगात सांगितली खरी, मात्र तेथे भक्त पत्नी आहे आणि अडसर पती. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात प्रथमच नाते उलटते. पती देवाच्या मागे धावतो आणि चुलीपाशी बसलेली, चांगली विनोदबुद्धी असलेली एक स्त्री ते धावणे पाहते, मोजते आणि सांगते. आवलीला लेखणी मिळाली असती तर, या कल्पनेच्या इतके जवळ मराठी गद्य दुसरीकडे कोठे आलेले दिसत नाही.

या सांगण्यातील पहिली महत्त्वाची गोष्ट म्हणजे संबोधन. लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख सरळ 'टिळक' असा करतात. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' (१९१०) या ग्रंथातील आदराच्या वलयाशी हे ताडून पाहावे. रमाबाईंच्या निवेदनात पती हा शिक्षक आणि जवळजवळ गुरू आहे. त्याच्या कृतीचे मूल्यमापन पत्नीच्या कक्षेबाहेरचे. 'टिळक' या आडनावाने लक्ष्मीबाईंना एक हात अंतर मिळते. त्या अंतरावरून माणूस पूर्ण दिसतो : त्याचा संताप, क्षणात विरघळणे, न सांगता निघून जाणे, हातात पैसा न टिकणे, रस्त्यात भेटलेल्याला घरी आणून पंगतीला बसवणे. हे सारे गुण धर्मांतरापूर्वीच्या टिळकांतही होतेच, आणि ग्रंथाची मोठी कमाई ही की दीक्षेने माणूस बदलला असा देखावा त्यात नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक आणि त्याआधी गावोगाव भटकणारे टिळक एकाच मुशीतले आहेत. धर्मांतर-कथनाच्या साच्यात 'पूर्वी' आणि 'नंतर' यांच्यामध्ये जी भिंत असते ती येथे नाही. म्हणूनच 'नंतर'च्या जीवनाला स्वतंत्र कथनमूल्य येते.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन टिळकांकडे परतल्या तेव्हा त्यांचे सोवळे सुटलेले नव्हते. त्या वेगळे शिजवत, वेगळे खात, पाण्याचाही विटाळ मानत. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या आठवणींनी ग्रंथाचा आरंभीचा भाग भरलेला आहे, त्यामुळे या वागण्याची मुळे वाचकाला माहीत असतात. हा प्रसंग एरवी स्त्रीच्या मानसिक परिवर्तनाचा टप्पा म्हणून वाचला जातो. पाळकीय दृष्टीने पाहिले तर तो फार अवघड पेच आहे. ज्या मंडळीतील बहुसंख्य कुटुंबे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आली, त्या मंडळीत वावरणाऱ्या ख्रिस्ती उपदेशकाची पत्नी मंडळीच्या हातचे पाणी पीत नाही. प्रवचनात तो काहीही सांगो, त्याच्या घरातील दुसरी चूल रोज त्याच्याविरुद्ध बोलते. येथे टिळकांनी सक्ती केली असती तर मंडळीने त्यांना दोष दिला नसता. त्यांनी वाट पाहिली. जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःला उमगेपर्यंत ही चूल वेगळीच राहिली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एरवी क्षणात भडकणाऱ्या माणसाचे हे थांबणे लक्ष्मीबाई कौतुकाच्या शब्दांनी सजवत नाहीत. पण पाळक म्हणून टिळकांची योग्यता त्यांच्या प्रवचनांपेक्षा या एका प्रसंगात अधिक दिसते, असे म्हणण्यास जागा आहे. त्या काळात त्यांना मंडळीला आणि मिशनला काय उत्तरे द्यावी लागली असतील याची कल्पना वाचकानेच करायची आहे.

तिसरी गोष्ट माणसांच्या राबत्याची. पाळकाच्या घराला दार असते, पण कडी नसते. 'स्मृतिचित्रे'त विद्यार्थी येतात, अनाथ मुले येतात, कवी येतात, दुष्काळाने हाकलून दिलेली माणसे येतात. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले आणि १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळील अपघातात त्यांचा मृत्यू झाल्यावर त्या घराने पोटचा मुलगा गेल्यासारखा शोक केला. ख्रिस्ती पाळकाच्या घरी हिंदू कवी मुलासारखा वाढतो, हे आज केवळ हृद्य वाटते. त्या काळात ते दोन्ही बाजूंच्या संशयाला आमंत्रण होते. या राबत्याचा खर्च कोण उचलतो? लक्ष्मीबाईंच्या निवेदनात त्याचे उत्तर नेहमी व्यावहारिक असते : पीठ किती उरले, उसने कोणाकडून आणायचे, कोणत्या मुलाला अंथरूण कोठे घालायचे. औदार्य टिळकांचे, आणि ते औदार्य पूर्ण करण्याची मेहनत लक्ष्मीबाईंची. ख्रिस्ती सेवेच्या ग्रंथांत 'अतिथ्य' हा सद्गुण म्हणून येतो; येथे तो श्रम म्हणून येतो. प्लेगच्या साथीत त्या स्वतः रोग्यांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना कोणी पद दिले नव्हते. मिशनच्या कोणत्याही कोष्टकात 'पाळकाची पत्नी' असा पगाराचा रकाना नसतो. मंडळी मात्र तो रकाना गृहीत धरूनच चालते.

हे सर्व लिहिताना लक्ष्मीबाई तक्रार करत नाहीत, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. तक्रार करण्याची जागाच पाळकाच्या पत्नीला नसते. तिची तक्रार म्हणजे सेवेची बदनामी. त्यामुळे जे रडून सांगता येत नाही ते हसून सांगण्याचा मार्ग त्या पत्करतात. मराठी समीक्षेने या विनोदाला 'निर्मळ', 'निर्व्याज' अशी विशेषणे बहाल केली आणि त्याची धार बोथट केली. वस्तुतः हा विनोद काटेकोर साक्षीदाराचा आहे. टिळकांनी काहीतरी देऊन टाकल्यावर घरात काय उरले याची यादी जेव्हा त्या देतात, तेव्हा वाचक हसतो. पण ती यादी खरी असते. औदार्याची किंमत कोणी दिली, हे त्या यादीइतके नेमके दुसरे काहीच सांगत नाही. आणि तरीही कडवटपणा नाही, कारण ही किंमत देण्यात आपलाही सहभाग होता हे निवेदिकेला मान्य आहे. सक्तीने दिलेले आणि स्वखुशीने दिलेले यांच्यातील सीमारेषा त्या घरात रोज सरकत असे, आणि ग्रंथ ती सीमा कोठेही पक्की आखत नाही.

पाश्चात्त्य परंपरेत याच विषयाची हाताळणी कशी झाली, हे येथे पाहिले पाहिजे. जॉर्ज हर्बर्ट १६३० ते १६३३ या काळात इंग्लंडमधील बेमर्टन येथे धर्मगुरू होता. ग्रामीण पाळकाच्या आदर्शावरील त्याचे गद्यपुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६५२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळकाने कसे बोलावे, कसे दान द्यावे, घर कसे राखावे, हे त्यात प्रकरणवार आहे. त्याच्या पत्नीने मुलांना धर्म शिकवावा, जखमांवर उपचार करावेत आणि घर कर्जात पडू देऊ नये, अशी अपेक्षाही आहे. लक्ष्मीबाईंनी यातले बहुतेक सगळे केले. कर्जाचे तेवढे त्यांच्या हातात नव्हते. हर्बर्टचा ग्रंथ सुंदर आहे, पण तो लक्ष्य सांगतो. चुकणाऱ्या बाणांची नोंद त्यात नाही. ती नोंद युरोपीय साहित्यात कादंबरीने घेतली. जॉर्ज बर्नानोस यांची खेड्यातील एका पाद्रीच्या रोजनिशीची कादंबरी १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भागही त्याच वर्षीचा. हा योगायोग आहे, प्रभावाचा प्रश्न नाही. म्हणूनच तो तुलनेला अधिक उपयोगी आहे. अँब्रिकूरचा तरुण पाद्री साध्या वह्यांत आपल्या दिवसांचा हिशेब लिहितो, मजकूर खोडतो, पाने फाडतो. पोटाच्या असाध्य दुखण्यामुळे तो वाइनमध्ये भिजवलेल्या पावावर जगतो आणि गाव त्याला दारुडा समजते. कंटाळ्याने पोखरलेले गाव, सरदार घराण्याची मर्जी, वाण्याचे बिल, प्रार्थना न येणाऱ्या रात्री. नगर आणि अँब्रिकूर यांत फार अंतर आहे, पण पोट, पैसा आणि लोकांची जीभ या तीन गोष्टी दोन्हीकडे तशाच.

फरक आहे तो साक्षीदाराचा. ब्रह्मचारी पाद्रीला घरात पाहणारे कोणी नाही, म्हणून त्याला स्वतःचा साक्षीदार व्हावे लागते आणि कादंबरीकाराला रोजनिशीची युक्ती योजावी लागते. त्या युक्तीने आपल्याला पाद्रीचे अंतरंग मिळते. 'स्मृतिचित्रे'त ते मिळत नाही, आणि ही तिची मर्यादा सरळ मान्य करावी. टिळकांच्या एकांतातील प्रार्थना, त्यांच्या शंका, मिशनच्या बैठकीत गिळलेले शब्द, यांतले फार थोडे दाराच्या फटीतून लक्ष्मीबाईंपर्यंत येते. त्या पाहतात तो संताप; त्याचे मूळ घराबाहेर असते. टिळक अचानक निघून जातात तेव्हा आपल्याला त्यांची रिकामी जागा दिसते, त्यांची वाट दिसत नाही. बर्नानोसच्या पाद्रीची व्यथा आतून उजळलेली आहे, पण त्याच्या दारिद्र्याचा भार दुसऱ्या कोणावर पडत नाही. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात तो पडतो. पाळकीय सेवेचा त्याग हा एकट्याचा त्याग कधीच नसतो, ही गोष्ट एकांतातील रोजनिशीला दिसू शकत नाही.

पाळकाचे हे मौन प्रॉटेस्टंट मिशनच्या वृत्तीतच होते की मराठी परिस्थितीने ते आणले, हे तपासण्यासाठी दुसरे एखादे क्षेत्र घ्यावे लागेल. जयपूर हे त्या दृष्टीने उपयुक्त आहे. तेथे स्कॉटलंडच्या युनायटेड प्रेस्बिटेरियन मिशनचा प्रवेश १८६६ मध्ये डॉ. कॉलिन व्हॅलेंटाइन यांच्या वैद्यकीय सेवेमुळे झाला. महाराजा सवाई रामसिंह यांची मर्जी हा त्या प्रवेशाचा आधार होता. ब्रिटिश मुलखातील नगरमध्ये उपदेशकाला बाजारात उभे राहण्याचा हक्क होता. संस्थानात तो राजाच्या सौजन्यावर अवलंबून असे. जयपूरच्या पुढच्या पिढीतील मिशनरींनी मागे काय ठेवले? जॉर्ज मॅकॅलिस्टर यांनी १८९८ मध्ये जयपूर राज्यातील बोलींचे नमुने प्रसिद्ध केले आणि ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणातील राजस्थानी खंडाला (१९०८) त्यांचा आधार झाला. राजपुतान्यात काम केलेल्या डब्ल्यू. जी. ऑर यांनी दादू दयाळांवर लिहिलेला ग्रंथ १९४७ मध्ये निघाला. जयपूरजवळचे नरैना हे दादूपंथाचे मुख्य पीठ. तेव्हा दादूंकडे वळणे हे टिळकांच्या तुकोबांकडे वळण्याशी समांतर आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. ते तसे नाही. टिळकांना तुकाराम वारशाने मिळाला होता. ऑर यांना दादू अभ्यासाने मिळवावा लागला. आणि या ग्रंथांत लेखकाचा दिवस कोठेही नाही. मॅकॅलिस्टर यांचा कान लोकांच्या बोलण्याकडे किती बारकाईने लागलेला असेल याची साक्ष प्रत्येक नमुना देतो. पण ऐकणारा थकला होता का, हे तो सांगत नाही.

मिशनरीच्या थकव्याला दुसरा मार्ग होता. त्याची पत्रे मायदेशी जात, रजेवर त्याला परत जाता येई, त्याच्या कष्टांचे वृत्तांत तिकडची मासिके छापत. त्याचा वाचक एडिंबरोला होता आणि त्याची तक्रारसुद्धा त्या वाचकाला देणगीची प्रेरणा देणारी ठरे. देशी पाळकाला असा दूरचा वाचक नव्हता. त्याचा वाचक शेजारच्या घरात राहत होता : तो मंडळीतला, मिशनमधला किंवा गावातला होता आणि प्रत्येक वाक्याचा पडताळा उद्या सकाळी घेऊ शकत होता. प्रामाणिकपणाची किंमत अंतरावर अवलंबून असते. 'स्मृतिचित्रे' लिहिली गेली तेव्हा टिळक जाऊन पंधरा वर्षे झाली होती आणि लक्ष्मीबाई मिशनच्या चौकटीपासून पुष्कळ दूर आल्या होत्या. काळाने दिलेले हे अंतर नसते तर तोच मजकूर लिहिणे शक्य झाले असते का, याविषयी शंका घेण्यास वाव आहे.

येथे थोडे मागे जाऊन एक उदाहरण नोंदवण्यासारखे आहे. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच एक ब्राह्मण ख्रिस्ती गुरूला विचारतो की, जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, आता वाचण्या-ऐकण्याला आम्हाला दुसरे काय देणार? हा कवीने योजलेला प्रसंग असेल, पण त्यातील अडचण योजलेली नाही. साष्टीतील ज्या वस्तीत १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले होते, तेथे राहून स्टीफन्स यांनी पुढची सारी वर्षे काम केले. मंडळी समोर बसून मागते आहे आणि आपल्याजवळ देण्याजोगे अजून काही तयार नाही, या पाळकीय ओढाताणीतून मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ जन्मला. साहित्येतिहास त्याची भाषा आणि ओवी मोजतो. या प्रश्नामागचा दबाव क्वचितच लक्षात घेतो.

कॅथलिक परंपरेत ब्रह्मचर्यामुळे घरातला साक्षीदार नाही, त्यामुळे मराठीत पाळकाने स्वतः लिहावे हे तेथेच घडणे स्वाभाविक होते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांचे 'नाही मी एकला' हे आत्मकथन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हरित वसईच्या चळवळीत उतरलेला, 'सुवार्ता'चे संपादन दीर्घकाळ सांभाळलेला आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला हा धर्मगुरू सार्वजनिक जीवनाच्या धकाधकीत होता. त्यामुळे त्याच्या लेखनातील ताण मुख्यतः चव्हाट्यावरचा आहे. शीर्षकातील नकार मात्र विचार करायला लावतो. एकटेपणा नाकारावा लागतो, तो असतो म्हणून. बर्नानोसच्या पाद्रीच्या जवळ जाणारी मराठी वाट येथून निघू शकते. पण ती वाट पुढे गेली आहे असे म्हणण्याइतके लेखन अद्याप झालेले नाही. खेड्यातील मंडळीत तुटपुंज्या वेतनावर काम करणारा आजचा पाळक मराठी साहित्यात अजून आपल्या तोंडाने बोललेला नाही.

टिळकांनी स्वतः कागदावर न लिहिलेली टीका अखेर कृतीने केली. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि 'देवाचा दरबार' या बंधुसमाजाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात असावेत, अशी तिची रचना होती. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी चरित्रापासून या घटनेचे वाचन भारतीय ख्रिस्ती धर्माच्या स्वातंत्र्याची घोषणा असे होत आले आहे, आणि ते योग्यच आहे. पण 'पाळक आणि नोकर' या दुहेरी ओझ्याच्या संदर्भात पाहिले तर तो एका थकलेल्या माणसाने पगाराचा दोर कापण्याचा प्रयत्नही आहे. विन्स्लोंना त्यात संन्यासी दिसतो. लक्ष्मीबाईंना दिसतो तो पगार नसलेला गृहस्थ, ज्याच्या भगव्या वस्त्राबरोबर घराचा खर्च संन्यास घेत नाही. दोन्ही चित्रे एकाच माणसाची आहेत. टिळक सातारला गेले, दरबाराची घडी नीट बसण्याआधीच आजारी पडले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

त्यांच्यामागे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ओवीबद्ध, पुराणाच्या चालीचे, ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे हे काव्य पूर्ण करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि तडीला नेले. आयुष्याच्या उत्तरार्धात एकाच हाताने ही दोन कामे होत होती : पतीने निवडलेल्या प्रकारात पतीच्या देवाची कथा, आणि कोणीच न निवडलेल्या प्रकारात पतीची. पहिल्यात चुलीला जागा नव्हती. दुसऱ्यात ती पहिल्या भागापासून धगधगते आहे, आणि तिच्यापाशी बसूनच ओव्यांचा हिशेबही पुरा झाला असला पाहिजे.